जाऊन येतो, जाऊन या

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मीरा रोड स्टेशनबाहेर रोज संध्याकाळी शेअर रिक्षाची रांग लागते. मीही त्या रांगेत असतो. एकदा माझ्या मागे उभ्या असलेल्या एका कॉलेजकुमाराला मी सहज विचारलं, "तुला जपानी भाषा येते का?" तो म्हणाला, "नाही काका, फक्त सायोनारा." मी म्हटलं, "अरे, मग आपण इतका वेळ कशाची वाट बघतोय?" तो गोंधळला. इतक्यात रिक्षा आली आणि आम्ही दोघं तिच्यात बसलो.

रिक्षा हा शब्द जपानी आहे. मूळ शब्द 'जिनरिकीशा'. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे शक्ती आणि शा म्हणजे गाडी. माणसाच्या ताकदीनं चालणारी गाडी. १८६९च्या सुमारास टोकियोमध्ये ही दोन चाकांची गाडी निघाली आणि पाहता पाहता आशियाभर पसरली. आपल्याकडे ती शिमल्याच्या चढावर आली, कोलकात्याच्या गल्ल्यांत आली आणि माथेरानच्या लाल मातीतही आली. पुढे स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या नवलमल फिरोदिया यांच्या खटपटीतून तिला मोटार लागली आणि आजची ऑटोरिक्षा आपल्या रस्त्यांवर धावू लागली. माथेरानला मात्र माणूस माणसाला ओढत राहिला. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा माणुसकीला शोभणारी नाही असं सांगून ती सहा महिन्यांत थांबवण्याचा आणि त्याजागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला.

शब्दाकडे जरा नीट पाहिलं तर एक गंमत दिसते. प्रवासात 'जिनरिकीशा'तला 'जिन' गळून पडला. शक्ती राहिली, गाडी राहिली, माणूस तेवढा शब्दातून उतरला. तो शब्दातून उतरल्यावर प्रत्यक्ष गाडीच्या दांड्यांतून सुटायला त्याला शंभराहून अधिक वर्षं लागली. शब्द कधी कधी असे माणसांच्या पुढे धावतात.

मला जपानीची गोडी लागली ती माझ्या मुलीमुळे. पण आमच्या घरात जपान त्याआधी दोन पिढ्या येऊन गेला होता. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं. आमच्या भागातल्या कोकणी मुसलमान घरांतून एक तरी माणूस बोटीवर असायचाच. माझे आजोबा खलाशी होते. मुंबईहून निघालेली बोट कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत कोबे आणि योकोहामा बंदरांना लागायची. हा मार्ग त्यांच्याही आधीचा. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले. मुंबईचा कापूस आणि सूत जपानला नेण्याचं भाडं इंग्रजी कंपन्यांनी फार चढवून ठेवलं होतं. टाटांनी 'निप्पॉन युसेन कैशा' या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'हिरोशिमा मारू' ही बोट कोबेहून मुंबईच्या वाटेला लागली. त्यानंतर मुंबईत जपानी पेढ्या आल्या, जपानी माणसं आली. वरळीला त्यांची दफनभूमी झाली आणि पुढे निचिदात्सु फुजी या जपानी भिक्षूंच्या परंपरेतलं बौद्ध मंदिरही तिथेच उभं राहिलं. वरळी नाक्यावरून जाताना कधी ढोलकीसारखा आवाज कानी पडला तर समजावं, तो त्या मंदिरातला आहे.

आजोबांनी कोबेहून एक निळ्या नक्षीची कपबशी आणली होती. ती माझ्या आजीनं कधी वापरली नाही, फळीवर मांडून ठेवली. आजोबांना जपानी शब्द एकच यायचा, 'आरिगातो'. आजीनं चहा दिला की ते मुद्दाम म्हणायचे, "आरिगातो." आजी म्हणायची, "आधी मराठीत तरी कधी म्हणालात का?"

आजोबांच्याही आधी, जवळजवळ साडेतीनशे वर्षांपूर्वी, आमच्या या खाडीकाठचा एक माणूस जपानी भाषा बोलत होता आणि तीही थेट तिथल्या राज्यकर्त्यासमोर. भाईंदरच्या पुलावरून गाडी पलीकडे गेली की वसई लागते. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. तिथे १५५७च्या आसपास गोन्सालो गार्सिया हा मुलगा जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट पाद्र्यांकडे तो शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे आठेक वर्षं धर्मशिक्षकाचं काम करता करता तो जपानी भाषेत तरबेज झाला. मधल्या काळात त्यानं व्यापार केला, पुढे मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. १५९३मध्ये फिलिपाइन्सहून फ्रान्सिस्कनांचं शिष्टमंडळ जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेलं, तेव्हा दुभाषा म्हणून वसईचा गोन्सालो सोबत होता.

दुभाष्याचं काम किती नाजूक असतं, याची कल्पना करा. एका बाजूला तलवारीच्या जोरावर देश एकवटणारा हिदेयोशी, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश पाद्री आणि मधे हा आपल्या उत्तर कोकणातला माणूस. जपानीत नुसता शब्द बरोबर असून भागत नाही. आपण कोण, समोरचा कोण, त्याप्रमाणे क्रियापदच बदलतं. मोठ्याच्या 'जाण्या'ला एक शब्द, स्वतःच्या 'जाण्या'ला दुसरा. आपल्याकडे 'तू ये', 'तुम्ही या', 'आपण यावं' अशा पायऱ्या आहेत, तिथे त्याहून जास्त आहेत. एक पायरी चुकली की अपमान. गोन्सालोनं त्या सगळ्या पायऱ्या सांभाळल्या. पुढे राजकारण फिरलं. १५९६मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटलं, त्यावरून संशय वाढला आणि परदेशी धर्मप्रसारकांवर हिदेयोशीची गैरमर्जी झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवून मारण्यात आलं. त्यांत गोन्सालो होता. १८६२मध्ये रोमनं त्याला संतपद दिलं. वसईत त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. पण तो जपानी बोलणारा आपल्याकडचा एक फार जुना माणूस होता, हे त्या कॉलेजातून शिकून गेलेल्या माझ्या दोन मित्रांनाही ठाऊक नव्हतं.

त्या काळाची आणखी एक आठवण आपल्या ताटात आहे. पोर्तुगीज १५४३मध्ये जपानला पोहोचले. त्यांनी इकडे जे शब्द सोडले, तेच तिकडेही सोडले. आपला 'पाव' आणि जपान्यांचा 'पान' ही एकाच पोर्तुगीज शब्दाची दोन लेकरं. आपला तंबाखू तिकडे 'ताबाको'. सर्वांत मौज वाटली ती झब्ब्याची. किमोनोच्या आत घालायच्या वस्त्राला जपानीत 'जुबान' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'जिबाँव'वरून आला आणि पोर्तुगीजांकडे तो आला अरबी 'जुब्बा'वरून. म्हणजे ईदच्या दिवशी मी घालतो तो झब्बा आणि किमोनोच्या आतलं ते वस्त्र हे नावानं एकमेकांचे चुलतभाऊ निघाले.

यावरून पुष्कळांना वाटतं की 'आरिगातो' हाही पोर्तुगीज 'ओब्रिगादो'चा अवतार असावा. कानाला तसंच वाटतं. पण ते खरं नाही. पोर्तुगीज तिथे पोहोचण्याच्या कित्येक शतकं आधी हा शब्द जपानीत होता. 'आरि' म्हणजे असणं आणि 'गाताशी' म्हणजे कठीण. असणं कठीण, म्हणजेच दुर्मिळ. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते सहसा घडत नाही, असा त्याचा मूळ अर्थ. आजोबा चहासाठी हा शब्द वापरत तेव्हा आपण आजीला किती मोठी गोष्ट म्हणतो आहोत हे त्यांना माहीत नसणार.

आता मुलीची गोष्ट सांगतो. ती एसएनडीटीची पदवीधर. महर्षी कर्वे यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली होती. ते विद्यापीठ १९०१मध्ये टोकियोत सुरू झालं होतं. ती पुस्तिका वाचून कर्वे यांच्या मनातल्या कल्पनेला आकार आला आणि १९१६मध्ये आपलं महिला विद्यापीठ सुरू झालं. त्या विद्यापीठातून शिकलेली माझी मुलगी जपानी शिकायला लागली, तेव्हा मला वाटलं, चला, एक जुनं देणं थोडं फिटतंय. संध्याकाळचा वर्ग, पहाटेचा अभ्यास. जपानी भाषेच्या परीक्षा पाच पायऱ्यांच्या असतात. सर्वांत सोपी 'एन पाच', सर्वांत अवघड 'एन एक'. ती एक एक पायरी चढत होती आणि तिच्या पाठांतरामुळे आमचं वन बीएचके घर जपानी उद्गारांनी भरून गेलं होतं. मी कवितेच्या वहीत डोकं घालून बसलेला असायचो, पण कान तिच्याकडे.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "अब्बा, जपानी आपल्यासाठी सोपी आहे. वाक्य मराठीसारखंच. मी पाणी पितो. क्रियापद शेवटी. विभक्तीसारखं जे काही असतं ते नामाच्या मागे. आणि आपण म्हणतो ना, छान हवा आहे ना? तसंच ते वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात." मला तो 'ने' फार आवडला. आपला 'ना' आणि त्यांचा 'ने' दोन्ही समोरच्याला वाक्यात जागा देतात. मी एकटा बोलत नाही, तूही यात आहेस, असं सांगतात.

मग एक एक उद्गार उलगडत गेला. दुपारी भेटल्यावर जपानी माणूस 'कोन्निचिवा' म्हणतो. त्याचा अर्थ फक्त एवढाच, 'आजचा दिवस तर...' पुढचं वाक्य गळून गेलं आहे. आज हवा कशी आहे, तुमची तब्येत कशी आहे, असं काहीतरी पूर्वी म्हणत असणार. राहिला तो अर्धा तुकडा. सकाळचं 'ओहायो गोझाइमास' म्हणजे 'लवकर आलात हो'. आपल्याकडेही खेड्यात सकाळी वाटेत कुणी भेटला की, "काय, लवकरच निघालात?" असं म्हणतात. उत्तराची अपेक्षा नसते. तो प्रश्न म्हणजेच नमस्कार.

'सायोनारा' आपल्याला माहीत झाला तो १९६६च्या 'लव्ह इन टोकियो'पासून. पण त्याचा अर्थ 'निरोप' असा नाही. तोही अर्धा तुकडाच आहे, 'तसं असेल तर...' तसं असेल तर निघू या. आणि गंमत म्हणजे रोजच्या निरोपाला जपानी लोक हा शब्द क्वचितच वापरतात, कारण त्यात दीर्घ ताटातुटीची छाया आहे. रोज भेटणारी माणसं 'माता आश्ता' म्हणतात, म्हणजे 'पुन्हा उद्या'. कचेरीतून कुणी लवकर निघाला तर तो म्हणतो, 'तुमच्या आधी निघतोय, असभ्यपणा होतोय.' मागे राहिलेले म्हणतात, 'ओत्सुकारेसामा', म्हणजे 'दमलात हो आज'. मी पंचवीस वर्षं नोकरी केली. संध्याकाळी निघताना 'दमलात हो' असं मला कुणी म्हटलं असतं तर विरार लोकलमधली गर्दी थोडी सुसह्य झाली असती.

जेवायला बसताना ते 'इतादाकिमास' म्हणतात. नम्रपणे घेतो, स्वीकारतो. आमच्या घरात 'बिस्मिल्ला' म्हणून घास उचलतात, शेजारच्या घरात श्लोक म्हणून. पण जपान्यांचा जेवण झाल्यानंतरचा उद्गार मला जास्त भावला. 'गोचिसोसामा'. यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावपळ. पाहुण्यासाठी कुणीतरी इथून तिथे धावलं, काय काय गोळा केलं, तेव्हा हे ताट वाढलं गेलं. त्या धावपळीला वंदन. स्वयंपाक कसा झाला आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मुलीनं अर्थ सांगितला त्या रात्री मी जेवून उठताना बायकोला म्हटलं, "गोचिसोसामा." ती म्हणाली, "मग ताट तरी उचलून ठेवा."

'सुमिमासेन' हा तर बहुरूपी शब्द. धक्का लागला तर सुमिमासेन, हॉटेलात वेटरला हाक मारायची तर सुमिमासेन, कुणी पडलेला रुमाल उचलून दिला तरी सुमिमासेन. त्याचा मूळ अर्थ 'संपत नाही', 'मिटत नाही'. तुम्हाला त्रास दिला, त्याचा हिशेब माझ्या मनात मिटत नाही. म्हणून क्षमा आणि आभार दोन्ही एकाच शब्दात मावतात. आपण 'सॉरी' आणि 'थँक्यू' या दोन नाण्यांवर भागवतो, त्यांच्याकडे एकाच नाण्याच्या दोन बाजू.

'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारलं की उत्तर येतं, 'ओकागेसामा दे'. 'कागे' म्हणजे सावली. तुमच्या सावलीमुळे बरं चाललंय. आपण 'तुमच्या कृपेनं' म्हणतो, उर्दूत 'आपकी दुआ से' म्हणतात. तिन्ही भाषांतला माणूस एकच गोष्ट कबूल करतो, की माझं बरं असणं हे माझ्या एकट्याचं कर्तृत्व नाही. आणि 'योरोशिकु ओनेगाइ शिमास'ला इंग्रजीत नेमका शब्द नाही म्हणून शिकवणाऱ्यांची पंचाईत होते. मराठी माणसाची होऊ नये. जुन्या पत्रांच्या शेवटी आपण 'लोभ असावा' लिहायचो. बस, तेच. नवी ओळख झाली की, काम सोपवलं की, शेजारी राहायला आलं की, लोभ असावा. आपण पत्रं लिहिणं सोडलं आणि तो शब्दही पाकिटात राहून गेला.

नकार देताना जपानी माणूस सहसा 'नाही' म्हणत नाही. 'चोत्तो...' म्हणतो आणि थांबतो. चोत्तो म्हणजे 'जरा'. ते जरा... इतकं बोलून तो श्वास ओढतो आणि समोरच्यानं ओळखायचं. आपलं 'बघू', 'पाहतो जरा' याच जातीचं. संपादकाला कविता पाठवल्यावर "जरा बघतो" असं उत्तर आलं की आम्हा कवींना त्याचा जपानी अर्थ लगेच कळतो.

कवितेचा विषय निघाला म्हणून सांगतो. मराठी वाचकाला जपानी मनाची खरी ओळख करून दिली ती शिरीष पै यांनी. आचार्य अत्रे यांच्या या लेकीनं हायकू मराठीत रुजवला. पाच-सात-पाच अक्षरांचा हिशेब त्यांनी बाजूला ठेवला आणि तीन ओळी तेवढ्या घेतल्या, पण न बोललेलं तसंच ठेवण्याची रीत त्यांनी बरोबर आणली. कोन्निचिवाचं अर्धं वाक्य, चोत्तोनंतरचा श्वास आणि हायकूच्या तिसऱ्या ओळीनंतरची शांतता या एकाच घरच्या गोष्टी आहेत.

पण जपानी शब्द महाराष्ट्रात कवितेच्या वाटेनं आले त्याहून अधिक कारखान्याच्या वाटेनं आले. नव्वदच्या दशकात मी काशीमीऱ्याच्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. एके दिवशी भिंतीवर पाट्या लागल्या. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. 'फाइव्ह एस' आलं होतं. नको असलेलं काढा, हवं ते जागेवर ठेवा, स्वच्छ करा, ते तसंच टिकवा आणि अंगी शिस्त बाणवा, असा त्याचा मथितार्थ. आम्हाला मात्र कुणी अर्थ सांगितला नाही. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी रॅक रंगवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा नट-बोल्टांचा ढीग. आमचा एक फिटर म्हणायचा, "पाच एस म्हणजे सामान, सफाई, सुपरवायझर, साहेब आणि सही." खरं तर त्याचं काही चुकत नव्हतं. शब्द आले होते, त्यांच्यामागची माणसाची कदर आली नव्हती. 'कैझेन' म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा. तिची सुरुवात यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला विचारण्यापासून होते. आम्हाला कधी कुणी विचारलं नाही.

त्या पाचांतल्या 'शित्सुके' शब्दाचं मूळ मुलीनं सांगितलं तेव्हा मला माझे अब्बा आठवले. शित्सुके म्हणजे शिस्त, वळण. पण शिवणकामात पक्की शिलाई मारण्याआधी जो कच्चा टाका घालतात, त्यालाही जपानीत शित्सुकेच म्हणतात. माझे अब्बा भायखळ्याला शिवणकाम करायचे. कोटाच्या बाहीला पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घालून ते गिऱ्हाइकाला अंगावर घालून बघायला लावायचे. मी विचारलं होतं, "हे टाके नंतर उसवायचेच आहेत तर घालायचे कशाला?" ते म्हणाले, "कापडाला वळण लागावं म्हणून. वळण लागलं की धागा निघाला तरी चालतो." मुलांच्या संस्काराबद्दल याहून नेमकं मी काही ऐकलेलं नाही. आणि ते बोलणाऱ्या माणसाला जपानीचं एक अक्षर येत नव्हतं.

आता जरा अवघड जागेकडे येतो. परदेशी माणसानं जपानीत दोन शब्द बोलले की जपानी लोक कौतुकानं म्हणतात, 'निहोंगो जोझु देस ने'. जपानी छान बोलता हं. पहिल्यांदा ऐकताना आनंद होतो. पण दहा-वीस वर्षं तिथे राहिलेली, तिथेच संसार केलेली परदेशी माणसं सांगतात की हे वाक्य ऐकलं की मन खट्टू होतं. कारण कौतुक परक्याचं करतात. घरच्या माणसाला कुणी 'तुमची भाषा छान आहे' असं म्हणत नाही.

मुलीनं हे सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. कारण कविसंमेलनात माझी कविता झाली की कुणी ना कुणी मंचामागे येऊन पाठ थोपटतं, "वा, तुम्ही मराठी किती शुद्ध बोलता!" बोलणाऱ्याच्या मनात कपट नसतं, प्रेमच असतं. मीही "आपली कृपा" असं म्हणतो. पण माझ्या आजीनं मला अंगाई कोकणी बोलीत म्हटली, मी बीए मराठी घेऊन केलं, प्रेमात पडलो तेव्हाची पहिली कविता मराठीत लिहिली. मग मी ज्या घरात जन्मलो, त्या घरात तुम्ही छान राहता असं मला कुणी म्हटलं, तर काय उत्तर द्यावं?

२०२५च्या जुलैमध्ये आमच्या मीरा रोडचं नाव देशभर गाजलं. मराठीत बोलण्याच्या मुद्द्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, मग व्यापाऱ्यांनी निषेध केला, मग ८ जुलैला मराठी माणसांचा मोर्चा निघाला. मी या गावात १९९३ साली आलो. मुंबईच्या दंगलीनंतर अनेक कुटुंबं इकडे आली, त्यांतलं एक आमचं. तेव्हा इथे नगरपरिषद होती, मिठागरं होती, स्टेशनबाहेर चिखल होता. महापालिका २००२मध्ये झाली. या तीस वर्षांत इथे उत्तनचे कोळी, भाईंदरचे आगरी, राजस्थानी, गुजराती, उत्तर भारतीय आणि आमच्यासारखे कोकणी शेजारी शेजारी राहिले. त्या आठवड्यात मात्र रिक्षात बसलेली माणसं आधी एकमेकांचा चेहरा बघून मग भाषा निवडत होती.

मराठीच्या हक्काची बाजू माझीही आहे. ज्या गावाचं पाणी पितो, त्या गावची भाषा शिकायची नाही असा हट्ट धरणं हा शेजारधर्म नव्हे. पण थप्पड मारून भाषेची भीती शिकवता येते, भाषा नाही. गोन्सालोला वसईहून जाऊन जपानी यायला आठ वर्षं लागली. त्याला ती शिकवणारी माणसं होती. आमच्या इमारतीखालच्या राजस्थानी वाण्याला मी त्या दिवसांत रोज एक वाक्य शिकवलं. त्याला पहिलं वाक्य काय सांगितलं ठाऊक आहे? 'लोभ असावा.' आता तो सुट्टे पैसे परत देतानाही तेच म्हणतो. चुकीच्या जागी म्हणतो, पण गिऱ्हाईक हसतं आणि मराठीत उत्तर देतं.

गेल्या वर्षी मुलीला ओसाकाला नोकरी लागली. मी तिला म्हटलं, "तिथे सगळे तुला 'निहोंगो जोझु' म्हणतील हं." ती म्हणाली, "म्हणू देत, अब्बा. आपल्याला सवय आहे." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते मला लागलं.

निघायच्या रात्री बॅगा दाराशी होत्या. खाली रिक्षा उभी होती. तिच्या अम्मीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुलगी म्हणाली, "जाऊन येते." आणि मग स्वतःच थबकली आणि म्हणाली, "अब्बा, हे शब्दाला शब्द जपानी आहे." घरातून बाहेर पडताना जपानी माणूस म्हणतो, 'इत्ते किमास'. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. घरात राहिलेला म्हणतो, 'इत्तेराश्शाइ', म्हणजे 'जाऊन या'. तो परतला की दारातूनच 'तादाइमा' म्हणतो, आत्ता आलो. आतून आवाज येतो, 'ओकाएरी', आलात परत.

'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याला आजी-आईनं शिकवलं. हजारो मैलांवरच्या एका बेटावरच्या आयांनीही त्यांच्या लेकरांना तेच शिकवलं. त्यांनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. ना कुणी पोर्तुगीज मधे होता, ना टाटांची बोट. जगभरच्या उंबऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसांना एकाच गोष्टीची भीती वाटते आणि त्यावर त्यांना एकच उपाय सुचतो, जाण्याच्या वाक्यात येण्याचं क्रियापद घालणं.

मी तिला म्हणालो, "जाऊन ये." रिक्षा सुरू झाली आणि स्टेशनच्या दिशेनं वळली. गेल्या महिन्यात ती पंधरा दिवसांच्या रजेवर आली. दार मी उघडलं. चपला काढता काढता ती म्हणाली, "तादाइमा." मला उत्तर पाठ होतं, पण ऐनवेळी आठवलं नाही. मी म्हटलं, "आलीस? बस, चहा टाकतो."

फळीवरची आजोबांची निळी कपबशी त्या दिवशी पहिल्यांदा खाली काढली.